वाचकांचे प्रश्न : साठीनंतरचं मॅग्नेशियम आणि हृदय

हृदयाविषयी आलेल्या पत्रांमध्ये या वेळी मॅग्नेशियमचीच गर्दी होती. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची ओळख वगळून वय आणि चालू औषधं तेवढी ठेवली आहेत, कारण उत्तर बदलतं ते त्यांच्यामुळेच.

रक्तातलं मॅग्नेशियम १.९ आलं. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलंय. म्हणजे शरीरात पुरेसं आहे असं समजायचं का? (वय ६८)

तसं खात्रीने म्हणता येत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. तपासणी होते त्या रक्तद्रवात एक टक्कासुद्धा नसतं. हा एक टक्का घसरू नये म्हणून शरीर हाडांतून उचल घेत राहतं. त्यामुळे आकडा खाली आला तर साठा खरोखर आटला आहे असं बहुधा समजावं. आकडा ठीक आला तर एवढंच कळतं की मोठी तूट बहुधा नाही.

नेहमीची मर्यादा लिटरला ०.७५ ते ०.९५ मिलिमोल, म्हणजे डेसिलिटरला सुमारे १.८ ते २.३ मिलिग्रॅम. काही प्रयोगशाळा खालची मर्यादा १.६ छापतात, म्हणून १.७ एका ठिकाणी ‘नॉर्मल’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘कमी’ ठरतं. आकडा वाचण्याआधी एकक बघा. मिलिमोलमधला ०.८५ चांगला आहे, पण तो मिलिग्रॅम समजून घाबरून गेलेल्यांची पत्रं आमच्याकडे आली आहेत. मिलिमोलला २.४३ ने गुणलं की मिलिग्रॅम मिळतात.

फसवणारे दोन प्रकारही ध्यानात असू द्या. रक्त घेताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या तर आकडा खोटा वाढतो, कारण त्या पेशींत रक्तद्रवापेक्षा मॅग्नेशियम जास्त असतं. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर तपासणी पुन्हा करा. उलट, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असलं तर मॅग्नेशियमही कमी दिसतं, कारण त्याचा साधारण पाव ते एकतृतीयांश भाग प्रथिनांना चिकटून फिरत असतो.

वडील ७६ वर्षांचे आहेत. रोज मॅग्नेशियमची गोळी घेतली की हार्ट अटॅक टळतो, असं जिकडेतिकडे वाचायला मिळतं. सुरू करावी का?

अटॅक टाळण्यासाठी म्हणून सुरू करू नका. हा दावा येतो कुठून ते सांगतो.

ज्यांच्या जेवणात मॅग्नेशियम जास्त, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात कमी आढळतात. रक्तातलं मॅग्नेशियम कमी असणाऱ्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांचा ताल पूर्ण बिघडणं, पुढच्या वर्षांत जास्त आढळलं आहे. ही निरीक्षणं पुन्हा पुन्हा आली आहेत, खोटी नाहीत. पण मॅग्नेशियम ज्या पदार्थांतून मिळतं त्यांतून तंतू, पोटॅशियम आणि चांगली स्निग्धंही मिळतात, आणि असे पदार्थ नेमाने खाणारा माणूस बहुधा चालतोही जास्त आणि धूम्रपानही करत नाही. यातलं श्रेय कुणाचं, हे निरीक्षणातून वेगळं काढता येत नाही.

ते वेगळं काढायला चाचण्या लागतात, आणि तिथे मॅग्नेशियमचा इतिहास सावध करणारा आहे. १९९२ साली लिमिट-२ या चाचणीत हार्ट अटॅक आलेल्या २,३१६ जणांपैकी निम्म्यांना शिरेतून मॅग्नेशियम दिलं, आणि २८ दिवसांतले मृत्यू २४ टक्क्यांनी कमी झाले. सगळीकडे उत्साह पसरला. १९९५ मध्ये इसिस-४ चाचणीत ५८,०५० रुग्ण घेतले. फायदा दिसला नाही. सुरुवातीलाच दिलं नाही म्हणून असं झालं, अशी शंका निघाली. मग मॅजिक चाचणीत जास्त धोक्याच्या ६,२१३ रुग्णांना ते लवकर दिलं. २००२ मधला तिचा निकालही तोच. ही शिरेतली मात्रा होती, गोळी नव्हती, हे खरं. पण रोजच्या गोळीने अटॅक किंवा मृत्यू टळतो असं दाखवणारी मोठी चाचणीही नाही.

रक्तदाबावर मात्र परिणाम मोजला गेला आहे. ३४ चाचण्यांमधल्या २,०२८ जणांचे निकाल २०१६ मध्ये एकत्र करून पाहिले. रोज सुमारे ३६८ मिलिग्रॅम, तीन महिने. वरचा आकडा सरासरी २ ने आणि खालचा १.८ ने उतरला. बीपीची एक साधी गोळी वरचा आकडा साधारण ९ ने उतरवते. या तुलनेवरून मॅग्नेशियमची जागा कळते. ज्याला उच्च रक्तदाब आहे त्याने मॅग्नेशियमच्या भरवशावर बीपीची गोळी सोडणं हा घाट्याचा व्यवहार आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये पाकिटावर रक्तदाबाचा उल्लेख करू दिला, पण पुरावा विसंगत आणि अनिर्णित आहे हेही त्याच पाकिटावर छापण्याच्या अटीवर. जाहिरातीत पहिला भाग ठळक असतो.

वडिलांची तपासणी केली आणि मॅग्नेशियम खरंच कमी निघालं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते भरून काढणं हा उपचारच आहे.

हृदय थोडं कमजोर आहे म्हणून फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी ४० मिलिग्रॅम चालू आहे, आणि ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल तर कित्येक वर्षं. पोटॅशियम सारखं कमी येतं. सिरप घेऊनही ३.२–३.३ च्या वर सरकत नाही. डॉक्टरांनी आता मॅग्नेशियम तपासायला सांगितलंय. याचा त्याच्याशी काय संबंध? (वय ७३)

या अंकातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. तुमच्या डॉक्टरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे.

मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशींना पोटॅशियम बाहेर सोडणारी दारं असतात. पेशीतलं मॅग्नेशियम त्या दारांत बुचासारखं बसतं आणि गळती आवरतं. मॅग्नेशियम घटलं की बूच निघतं आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहत राहतं. वरून सिरप ओतत राहिलं तरी खालून गळती चालूच. म्हणून आधी मॅग्नेशियम भरावं लागतं, मग पोटॅशियम टिकतं. मॅग्नेशियम फारच खाली गेलं तर पॅराथायरॉइड ग्रंथीचं कामही मंदावतं आणि कॅल्शियम उतरतं. म्हणून पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन एकाच वेळच्या रक्तातून तपासून घ्या. सुटे सुटे रिपोर्ट जुळवत बसलं तर गोंधळ होतो.

मॅग्नेशियम कमी का झालं? तुमच्याकडे दोन कारणं शेजारी शेजारी बसली आहेत. मूत्रपिंडात गाळलं गेलेलं मॅग्नेशियम परत शोषण्याचं सर्वांत मोठं काम, जवळजवळ ६० ते ७० टक्के, नळीच्या ज्या भागात होतं, नेमक्या त्याच भागावर फ्युरोसेमाइड काम करतं. बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड या गोळ्या पुढच्या भागावर काम करतात, आणि त्यांनीही मॅग्नेशियम हळूहळू जातं. दुसरं कारण पँटोप्राझोल. ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सगळी त्याचीच भावंडं. ही औषधं दीर्घकाळ, बहुधा वर्षाहून जास्त, घेतली की काहींच्या आतड्यातून मॅग्नेशियम नीट शोषलंच जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये याबद्दल इशारा दिला. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाव जणांमध्ये नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, ॲसिडिटीचं औषधच थांबवावं लागलं. थांबवल्यावर साधारण आठवड्यात आकडा सुधारला. पुन्हा सुरू केल्यावर साधारण दोन आठवड्यांत परत घसरला.

यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. फ्युरोसेमाइड सोडलं तर दोन-चार दिवसांत दम लागून रुग्णालय गाठावं लागू शकतं. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पँटोप्राझोल जठरातल्या रक्तस्रावापासून राखण करत असतं. पुढच्या भेटीत मात्र हे विचारा: पँटोप्राझोल ज्या कारणासाठी सुरू झालं ते कारण आजही आहे का? नसेल तर मात्रा उतरवत बंद करता येईल का? ॲसिडिटीचं औषध लागतच असेल तर फॅमोटिडिन चालेल का? त्याचा मॅग्नेशियमवर असा परिणाम होत नाही. मूत्रपिंड अशक्त असेल तर त्याची मात्रा मात्र कमी करावी लागते. आणि स्पायरोनोलॅक्टोनची छोटी मात्रा जोडता येईल का? ते पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही राखतं, आणि कमजोर हृदयाला त्याचा स्वतंत्र फायदाही असतो. खोच इतकीच की ते सुरू झालं तर पोटॅशियमचं सिरप बहुधा कमी किंवा बंद करावं लागतं, नाहीतर पोटॅशियम दुसऱ्या टोकाला जातं, आणि तेही हृदयाला तितकंच घातक. म्हणून सुरू केल्यावर आठवड्याने आणि महिन्याने रक्त तपासतात.

गळती कुठून आहे हे शोधायचं असेल तर २४ तासांची लघवी जमवून तीत मॅग्नेशियम मोजतात. रक्तात कमी असूनही दिवसाच्या लघवीत २४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघालं, तर मूत्रपिंडातून जातंय. त्याहून कमी असेल, तर आतड्यातून शोषण होत नाही किंवा पोटात जातंच कमी. मधुमेहात साखर जास्त राहिली, तरीही लघवीवाटे मॅग्नेशियम जातं.

डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असणाऱ्यांनी विशेष जपावं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिनची रक्तातली पातळी ठीक असूनही त्याची विषबाधा होऊ शकते. मळमळ, अन्नावरची वासना उडणं, पिवळसर दिसणं, नाडी मध्येच चुकणं ही तिची चिन्हं. धडधडीबरोबर चक्कर किंवा शुद्ध हरपणं झालं, तर तपासणीची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जा. ईसीजीवरचं ‘क्यूटी’ नावाचं अंतर लांबून ठोके गोल फिरल्यासारखे अनियंत्रित होतात, त्या विशिष्ट बिघाडात शिरेतून दिलेलं दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट हा पहिला उपचार आहे. हृदयासाठी मॅग्नेशियमचा खणखणीत उपयोग कुठला, तर हा.

दिवसाला किती लागतं? गोळीशिवाय भागेल का? (वय ६५ आणि ७०, पती-पत्नी)

अमेरिकेतल्या शिफारशीनुसार या वयात पुरुषाला ४२० आणि स्त्रीला ३२० मिलिग्रॅम. युरोपात ३५० आणि ३००. अन्नातलं ३० ते ४० टक्केच शोषलं जातं, पण या आकड्यांत तो हिशोब आधीच धरलेला आहे. वय वाढलं की शोषण घटतं, लघवीवाटे जास्त जातं आणि भूकही कमी होते. त्यामुळे मुळातच मोजकं खाणाऱ्या घरात तूट राहणं साहजिक आहे.

भागतं. भोपळ्याच्या सोललेल्या बिया १५ ग्रॅम, म्हणजे भरगच्च मोठा चमचा, यातून ८४ मिलिग्रॅम. तेवढेच बदाम घेतले तर ४३. शिजवलेलं कडधान्य अर्धा कप, जातीप्रमाणे ३५ ते ६०. एक केळं ३२. कपभर दूध २५ च्या आसपास. कोंड्यासकट गव्हाचं पीठ १०० ग्रॅम, १३७. कडधान्याचे ४५ धरले तर इतक्यातच ३६५ च्या आसपास होतात. शिजवलेला पालक अर्धा कप घातला की आणखी ७८.

यात पीठ निर्णायक आहे. तेच १०० ग्रॅम पीठ कोंडा काढून पांढरं केलं की १३७ चे जेमतेम २२ उरतात. महागड्या बिया आणून चमचाभर खायच्या आणि बाकीचं सगळं मैद्याचं, असं असेल तर एका हाताने मिळवून दुसऱ्याने घालवल्यासारखं होतं. भाजी उकडून पाणी फेकलं की मॅग्नेशियम पाण्याबरोबर जातं. ते पाणी त्याच पदार्थात जिरवा. कडधान्य रात्रभर भिजवलं की शोषणाला आडवं येणारं फायटेट कमी होतं. दातांचा त्रास असेल तर बिया आणि बदाम कुटून घ्या. अख्खे गिळले तर न पचता जातात.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ही यादी तशीच उचलू नये. बिया, पालक, केळं, कडधान्य यांत पोटॅशियमही भरपूर असतं. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालक सोडायची गरज नाही, पण प्रमाण आठवड्यागणिक सारखं ठेवावं; एकदम वाढवलं तर औषधाचा असर कमी होतो.

दोन डब्या आणल्या. एकीवर ‘मॅग्नेशियम ऑक्साइड ५००’, दुसरीवर ‘मॅग्नेशियम सायट्रेट १०००’. दुसरी दुप्पट जोरदार आहे का?

नाही, आकड्याने उलट आहे. डबीवर पुष्कळदा संयुगाचं वजन छापतात, त्यातलं निव्वळ मॅग्नेशियम वेगळं असतं. ऑक्साइडमध्ये ते ६० टक्के, सायट्रेटमध्ये १६, ग्लायसिनेटमध्ये १४. म्हणजे पहिल्या गोळीत ३०० मिलिग्रॅम आणि दुसरीत १६०. ‘एलिमेंटल’ या शब्दापुढचा आकडा शोधा, हिशोब त्याचा धरा.

पण ऑक्साइड पाण्यात फार कमी विरघळतं, आणि ॲसिडिटीच्या औषधाने जठरातलं आम्ल घटलेलं असेल तर आणखीच कमी. न शोषलेलं मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब होतात. जुलाब झाले की पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही वाहून जातं. भरायला घेतलेली गोळी रिकामं करते. तूट भरायची असेल तर सायट्रेट किंवा ग्लायसिनेट बरं. निव्वळ १०० ते १२० मिलिग्रॅमपासून, जेवणाबरोबर सुरुवात करावी. वाढवायचं तर दिवसातून दोनदा वाटून, कारण एकदम मोठी मात्रा घेतली की शोषणाचा हिस्सा घटतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय गोळीतून घ्यायची कमाल मर्यादा अमेरिकेत ३५० आणि युरोपात २५० मिलिग्रॅम आहे. ती निरोगी मूत्रपिंड गृहीत धरून, जुलाबावरून ठरवलेली आहे. अन्नातल्या मॅग्नेशियमला ती लागू नाही.

सकाळी थायरॉइडची गोळी, आठवड्यातून एकदा हाडांसाठी अलेंड्रोनेट, रात्री कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन. मॅग्नेशियम कधी घेऊ? (वय ६९)

मॅग्नेशियम दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर लागतं, ते सुटतं. अलेंड्रोनेटच्या सकाळी तर मॅग्नेशियम किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध जवळही नको, हाडांची गोळी वाया जाते. रोसुव्हास्टॅटिनबरोबर ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड घेतलं तर त्याची रक्तातली पातळी जवळपास निम्मी होते. अँटासिड लागलंच तर दोन तासांनी. मध्येच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन सुरू झालं तर ते मॅग्नेशियमच्या किमान दोन तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्या. चार-पाच दिवसांचाच प्रश्न असेल तर मॅग्नेशियमच थांबवणं सोपं.

रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मॅग्नेशियमने थांबतील ना? आणि त्वचेवर चोळायचं मॅग्नेशियमचं तेल चालेल का? (वय ७१)

वयस्कांच्या अशा गोळ्यांवर मॅग्नेशियमचा दखल घ्यावा इतका फायदा होण्याची शक्यता कमी आहे, असं चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्याने म्हटलं आहे. रक्तात कमी असेल तर भरा, नाहीतर झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम करा आणि लघवीची गोळी चालू आहे का ते डॉक्टरांना सांगा. चालताना पोटरी दुखते आणि थांबल्यावर लगेच राहते, असं असेल तर ते गोळे नव्हेत. पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या. तेलाने चोळलेलं बरं वाटतं ते चोळण्यामुळे. हृदयाची किंवा रक्ताची तूट भरायला त्याच्यावर विसंबू नका.

आई ८१ वर्षांच्या आहेत. बद्धकोष्ठतेसाठी रोज रात्री मिल्क ऑफ मॅग्नेशिया घेतात. क्रिएटिनिन २.४ आहे. हल्ली दिवसभर गुंगीत असतात, नाडी ५० च्या आसपास. वयामुळे असेल का?

वयावर घालू नका. हे उत्तर वाचल्यावर आज रात्रीची मात्रा देऊ नका आणि आजच डॉक्टरांना कळवा. या औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये बहुधा ४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे निव्वळ मॅग्नेशियम सुमारे १६५. रात्री ३० मिलिलिटर घेतलं तर हजाराच्या घरात. निरोगी मूत्रपिंड जास्तीचं सहज बाहेर टाकतं. मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग, म्हणजे ई-जीएफआर, ३० च्या खाली गेला की ते साचत जातं. या वयात २.४ क्रिएटिनिन म्हणजे वेग त्याच्या खालीच असणार. साचलं की मळमळ, चेहरा लाल होणं, गुंगी, हातापायांतला जोर जाणं, रक्तदाब उतरणं, नाडी मंदावणं. फार वाढलं तर श्वास आणि हृदय थांबण्यापर्यंत जातं. बीपीसाठी किंवा ठोके आवरण्यासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर नाडी त्यानेही मंदावते, म्हणून औषधांची चिठ्ठी आणि घरातल्या सगळ्या बाटल्या बरोबर न्या.

आज मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि ईसीजी व्हायला हवं. उठवूनही त्या नीट जाग्या होत नसतील किंवा श्वास मंद वाटत असेल तर घरी थांबू नका. पातळी जास्त निघाली तर रुग्णालयात हृदयाच्या संरक्षणासाठी शिरेतून कॅल्शियम देतात आणि गरज पडल्यास डायलिसिस करतात; त्याने मॅग्नेशियम काही तासांत उतरतं.

पोट साफ होण्यासाठी पुढे लॅक्ट्युलोज किंवा पॉलीइथिलीन ग्लायकॉल वापरता येईल, मात्रा डॉक्टर ठरवतील. कोलोनोस्कोपी ठरली तर आतडं साफ करण्यासाठी मॅग्नेशियम सायट्रेटची बाटली देऊ नका, असं आधीच सांगून ठेवा. अंगाने बारीक असलेल्या वृद्धांच्या घरच्यांना आणखी एक सांगायचं आहे: स्नायू कमी असले की क्रिएटिनिन मुळातच कमी येतं, म्हणून १.१ दिसलं तरी मूत्रपिंड ठणठणीत आहे असं ठरत नाही. रिपोर्टवर ई-जीएफआरचा आकडा छापलेला नसेल तर तो मागून घ्या, आणि मॅग्नेशियम असलेली कुठलीही बाटली तो बघितल्यावरच उघडा.